शकूच्या वाटणीची मिसळ

परवा सकाळी ह्यांनी चहा पिता पिता पेपर उघडला आणि म्हणाले, "निफाडचा पारा घसरला बरं का." दर हिवाळ्यात आमच्या घरात हे वाक्य एकदा तरी होतंच. आम्हा नाशिककरांना निफाडच्या थंडीचा एवढा अभिमान, की जणू आम्हीच खपून ती पाडलीय. मी "हो का" म्हटलं, स्वेटर काढायला कपाट उघडलं आणि कपाटापुढे तशीच उभी राहिले. कारण ही बातमी छापून आली की आमचा फोन वाजायचा. पलीकडून शकू म्हणायची, "निफाडची थंडी पेपरात येती. आमच्या मळ्यात सकाळी झेंडू तोडताना बोटं वळत नाय, ते कोण छापतंय? रविवारी ये. रस्सा प्यायला चल." यंदा बातमी आली, थंडी आली, फोन आला नाही. येणार नाही हे मला ठाऊक आहे. तरी मी फोन हातात घेऊन बघितला.

शकू गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. हिवाळा मात्र आला ठरल्यासारखा.

मी सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. मशीनवरून आलेला भाग घ्यायचा, मापायचा आणि पास की रिजेक्ट एवढंच सांगायचं. उमेदीची सगळी वर्षं हेच केल्यावर माणसाचा स्वभाव जसा होईल तसा माझा झाला. लग्नात गेले की मला मांडवाचा वाकडा खांब आधी दिसतो. कुणी नवी साडी दाखवली की माझी नजर काठावरच्या सुटलेल्या धाग्यावर जाते. अशा बाईला मैत्रिणी फारशा चिकटत नाहीत. शाळेतल्या होत्या त्या सकाळच्या मेसेजमधल्या गुलाबांपुरत्या उरल्या होत्या. पन्नाशी जवळ आली तेव्हा मी मनाची समजूत घालून टाकली होती, की आता ह्या वयात नवीन माणूस काही आपल्याला मिळायचं नाही. आहेत त्यांच्याशी गोड बोलावं आणि गुडघ्यांना तेल लावावं.

तेवढ्यात मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि तिची अ‍ॅक्टिवा दारात धूळ खात उभी राहिली. हे म्हणाले, विकून टाकू. मी म्हटलं, मी शिकते. हे हसले. ते हसले नसते तर कदाचित मी शिकले नसते, आणि शकूही भेटली नसती. नवऱ्याच्या त्या हसण्याची मी आजही आभारी आहे.

रविवारी सकाळी मखमलाबादच्या बाजूचा रस्ता मोकळा असायचा. दोन्हीकडे मळे, मध्ये धुकं. मी गाडी घेऊन एकटीच निघाले आणि एका वळणावर, जिथे वळायला हवं होतं तिथे न वळता, सरळ रस्त्याच्या कडेला रचलेल्या झेंडूच्या ढिगात गेले. गाडी एकीकडे, मी एकीकडे, तोंडात पाकळ्या. डोळे उघडले तर समोर एक ठेंगणी बाई, साडीवर पुरुषाचा फुलशर्ट, डोक्याला टॉवेल, दोन्ही हात कमरेवर.

"ओ मॅडम! ब्रेक कुठंय ते सांगितलं का नाय कुणी?"

"सांगितलंय. ऐन वेळी आठवलं नाही."

"मग लय बरं झालं इकडं आल्या. तिकडं भिंत हाय. भिंतीला लागलं असतं."

मी लाजून पर्स काढायला लागले तर म्हणाली, "ठेवा ती आत. देवाला वाह्यचा झेंडू, आज तुम्हाला वाह्यला समजायचं." आणि स्वतःच्याच विनोदावर एवढी मोठ्यानं हसली, की मळ्याच्या आतून तिचा नवरा, दत्तूभाऊ, काय झालं म्हणून धावत आले.

त्याच दिवशी ती माझ्या मागे बसली. ती फुलांचे भारे लादून गाडी बाजारात न्यायची, तिला माझं चालवणं बघवेना. तिची शिकवणी साधी होती. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे उजवीकडे, डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे, आणि दंडाला चिमटा म्हणजे थांब. "तोंडानं सांगितलं तर तू घाबरतीस," असं तिचं म्हणणं. अहो मॅडमवरून अगं तुगंवर यायला तिला मखमलाबादचा चौकसुद्धा लागला नाही. आठवड्याभरात मी नलिनीची नले झाले. लग्नानंतर मला नले म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

शिकवणी संपली की मिसळ. ही तिची फी. आता नाशिकच्या भोवती मिसळीची ठिकाणं म्हणजे जत्राच आहे. झोपाळे काय, घसरगुंड्या काय, फोटो काढायला सजवलेली बैलगाडी काय. मिसळ कुठे मिळते ते विचारावं लागतं. शकूची जागा तशी नव्हती. मळ्यांच्या मध्ये एक पत्र्याची शेड, चुलीवर काळ्या मसाल्याचा रस्सा, लाकडी बाकं, आणि मालक तात्या. तात्या स्वतः हातात किटली घेऊन टेबलाटेबलाशी फिरायचे, रस्सा वाढायचे आणि प्रत्येकाला विचारायचे, "कशी झालीय?" लोक अंगठा दाखवायचे. तात्यांना तो अंगठा आवडायचा नाही, पण गिऱ्हाइकाला कोण बोलणार.

शकूचं खाणं बघण्यासारखं होतं. पापड आधी चुरून घालायची. मटकी, शेव, कांदा सगळं एकत्र करायची, आणि मग पाव बाजूला सारून रस्सा वाटीनं प्यायची. नाक वाहायचं, डोळे वाहायचे, कानशिलं लाल व्हायची, आणि ती "आणा तात्या" म्हणून वाटी पुढे करायची. मी दही घालून, मध्ये मध्ये जिलबीचा तुकडा मोडत, सांभाळून खायचे. "दही घातलं म्हणजे हार मानली," ती म्हणायची. मला खाण्यातलं कधी काही कळायचं नाही. पोट भरायचं, डबा संपवायचा, भांडी घासायची. आमच्याकडे स्वयंपाकाला फार तर "बरा झालाय" म्हणतात, ते पण पाहुणे असले तर.

मिसळ झाली तरी आम्ही घरी जात नसू. हे एक नवीनच होतं. दोन पन्नाशीच्या बायका गाडीवर बसून निघाल्या की बघणारा विचारणारच, कुणाकडे बारसं आहे, कोण दवाखान्यात आहे. दत्तूभाऊ दर वेळी फाटकाशी विचारायचे, "कुठं निघाल्या?"

"फिरायला."

"काय काम हाय?"

"कामच नाय."

त्यांना ते पटायचं नाही. शकूलाही पहिले काही रविवार ते उच्चारताना चोरी केल्यासारखं वाटायचं. जन्मभर ती कामाशिवाय फाटकाबाहेर पडली नव्हती. मग तिला त्या दोन शब्दांची गोडीच लागली. आम्ही नदीकाठच्या कट्ट्यावर बसून तिखटमीठ लावलेले पेरू खाल्ले. एकदा भर थंडीत हरसूलच्या बाजाराला गेलो, घाटात दात वाजत होते आणि ती मागून मोठ्यानं गात होती, शब्द माहीत नसलेली गाणी. बाजारात डोंगरातल्या बाया नागली, वाल, बांबूच्या टोपल्या घेऊन बसल्या होत्या. शकूनं एका म्हातारीशी टोपलीवरून अर्धा तास गप्पा मारल्या आणि टोपली न घेताच उठली. "घ्यायची नव्हती तर एवढं काय बोलत होतीस?" मी विचारलं. "बोलायलाच तर आलो ना," ती म्हणाली. म्हातारी पण हसून हात हलवत होती. परत येताना आम्ही घाटात गाडी थांबवून उन्हात बसलो. मला वाटलं, हे असं आपल्या वाट्याला आलंय, ह्यात आपल्याला एकही चूक सापडत नाहीये.

तिच्यात मात्र एक सापडली होती, पहिल्याच महिन्यात. ती मिश्री लावायची. तव्यावर काळी भाजलेली तंबाखूची पूड, आईनं लावली, आजीनं लावली, म्हणून हीसुद्धा लहानपणापासून सकाळ-संध्याकाळ दाताला घासत बसायची. पत्र्याची छोटी डबी कायम कनवटीला. मी ओरडायचे. पुष्कळ ओरडले. एकदा डबी पाटाच्या पाण्यात फेकून दिली तर दुसऱ्या दिवशी नवी. "अगं दात घासायची पूड ती. मी काय खाती का तंबाखू?" हे तिला मनापासून वाटायचं. तिच्या घरातल्या सगळ्याच बायकांना वाटायचं. त्यामुळे जिभेच्या कडेला फोड आला तेव्हा तिनं दोष दिला तो तात्यांच्या तर्रीला. "पोळलं," म्हणाली. तूप लावलं, हळद लावली, आणि ठणका थांबावा म्हणून त्याच्यावर आणखी मिश्री दाबली. मिसळ मात्र बंद केली. जिनं काही केलं नव्हतं ती मिसळ.

डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी बरोबर होते. दत्तूभाऊ सारखं म्हणत होते, "पण ती तंबाखू नाय खात हो साहेब." डॉक्टर खाली बघत होते. शकूनं कनवटीची डबी काढून टेबलावर ठेवली.

जिभेचा मोठा भाग काढला. मग किरणांचे शेक दिले. पोटाला नळी बसवली, त्यातून पातळ अन्न. तोंड कोरडं पडलं, थेंबभर तिखटाचा नुसता स्पर्श झाला तरी ती तडफडायची. बोलणं असं झालं, की तिच्या घरच्यांनासुद्धा कळेना. मला कळायचं. त्यात माझी काही हुशारी नाही, मी तिच्या बडबडीत इतके रविवार काढले होते की ती काय म्हणणार हे अर्धं मला आधीच माहीत असायचं. दत्तूभाऊ माझ्याकडे बघून विचारायचे, "काय म्हणती?" आणि मी सांगायचे. ती खवचट बोललेली असायची, मी थोडं सौम्य करून सांगायचे, तर ती मला डोळे वटारायची.

गेला हिवाळा तो हा. मला आठवायचा असतो तो हाच हिवाळा. बाकीचे सुखाचे होते, पण ते सगळे एकमेकांत मिसळून गेलेत. ह्याचा एकेक रविवार मला वेगळा दिसतो.

निफाडची बातमी आली. फोन येणं शक्य नव्हतं, म्हणून मीच रविवारी तिच्याकडे गेले. ती फाटकात तयार उभी. जबड्याभोवती मफलर, अंगात तोच फुलशर्ट, आता दोन मापं मोठा झालेला. दत्तूभाऊंनी विचारलं, "कुठं निघाल्या?" तिनं हात हवेत गोल फिरवला. फिरायला. "काय काम हाय?" त्यांनी विचारलं खरं, पण त्यांचा आवाज निम्म्यातच बसला. मी म्हटलं, "कामच नाही भाऊ." ते वळून झेंडूचे वाफे बघायला लागले.

नेहमीसारखी गाडी मी चालवत होते आणि ती मागे. उजव्या खांद्यावर थाप. डाव्या खांद्यावर थाप. मला रस्ता पाठ होता. तरी ती थोपटत होती आणि मी तिच्या थापेची वाट बघून वळत होते. शेडपाशी आलो तेव्हा दंडाला चिमटा बसला.

तात्यांनी आम्हाला बघितलं आणि सवयीनं दोन ताटल्या घेऊन आले. मफलर बघून जागीच थांबले. मग हळूच म्हणाले, "ताई, कमी तिखट करून देऊ का? दही घालून?"

शकू काहीतरी बोलली.

"काय म्हणतात?" तात्यांनी मला विचारलं.

"म्हणते, कमी तिखट तुमचं तुम्ही प्या."

तात्या हसले, पण त्यांचे डोळे भरले होते. तिनं एक ताटली परत पाठवली, दुसरी माझ्यापुढे सरकवली आणि स्वतःपुढे फक्त उकळत्या रश्श्याची वाटी ओढून घेतली. वाकली. वाफ तोंडावर घेतली, डोळे मिटले. किती तरी वेळ ती तशीच होती. मग डोळे उघडून म्हणाली, "खा. आणि सांग."

मी एक घास घेतला. "चांगली आहे."

तिनं टेबलावर हात आपटला. चांगली आहे ते मला पण ठाऊक, नीट सांग.

"तिखट आहे."

"आणि?"

हा एक शब्द तिच्या तोंडून अजून स्वच्छ यायचा. बाकीचे शब्द जिभेबरोबर गेले होते, हा राहिला होता.

"आणि गरम आहे."

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की आयुष्यात पहिल्यांदा मीच रिजेक्ट झाले.

दुसऱ्या रविवारी मला जमेना. ती समोर वाफेवर वाकलेली आणि मी बकाबका खातेय, हे मला सहनच होईना. मी ताटली लोटली. म्हटलं, "शकू, मला नाही होत हे. तू उपाशी बसायचं आणि मी गिळायचं. आपण नुसतं फिरू ना." ती भडकली. मग रडली. दवाखान्यात रडली नव्हती, डबी टेबलावर ठेवताना रडली नव्हती, ती त्या पत्र्याच्या शेडमध्ये चारचौघांत रडली. तुकड्या-तुकड्यानं म्हणाली, नळीतून येतं ते पोटात जातं. तोंडात माझ्या दिवसभर काहीच येत नाय, नुसतं लोखंड. तू बोलतीस तेव्हा येतं. तू पण बंद केलंस तर मी काय करू?

मी ताटली ओढली आणि खायला लागले. रडत खाल्लं, पण सांगितलं.

असं मी खायला शिकले, पन्नाशी उलटल्यावर. मला कळलं की आधी कोथिंबिरीचा कच्चा वास येतो, मग शेव मोडते, आणि तर्रीचा तिखटपणा लगेच नाही, घास गिळून झाल्यावर मागून येतो, कानांपर्यंत. "आणि?" भाजलेलं खोबरं आहे, थोडं जास्त करपलंय आज. "आणि?" लवंग. "किती?" बेताची, पण दाढेखाली आली. पाव कालचा नाही, आजचा आहे, पण मध्ये थोडा ओला राहिलाय. मी सांगायचे आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची. मी घास गिळला की तिचा गळा हलायचा. मी तिकडे बघायचं टाळायचे, कारण बघितलं की मला पुढचा घास उतरत नसे. तात्या येऊन तिच्या वाटीतला गार झालेला रस्सा मागे नेत आणि नवा, वाफाळता आणून ठेवत. न सांगता. "कशी झालीय?" ते विचारायचे तेव्हा शकू बोटानं माझ्याकडे दाखवायची, हिला विचारा. आणि मी सगळं सांगायचे, करपलेल्या खोबऱ्यासकट. तात्या मान डोलवत ऐकायचे. त्यांनाही आयुष्यभरात कुणी अंगठ्यापलीकडे काही सांगितलं नव्हतं.

मग मला आठवडाभर तोच नाद लागला. कंपनीच्या कँटीनमधल्या वरणात हिंग किती, भाकरीचा कोणता पापुद्रा खरपूस, पाऊण कप चहा गार झाल्यावर आलं कसं जास्त लागतं, हे सगळं मी रविवारसाठी डोक्यात साठवत राहायचे. ह्यांनी एकदा विचारलं, "आजकाल जेवताना डोळे काय मिटतेस?" मी म्हटलं, "शकूला सांगायचंय." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी जेवताना टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली. आमच्या घराला चव होती आणि ती मला तिच्यामुळे लागली. ह्याचा मला आनंद व्हायचा आणि त्याच क्षणी लाजही वाटायची. तिचं गेलं तेव्हा माझं सुरू झालं.

तरी सांगते, आम्ही त्या हिवाळ्यात पुष्कळ हसलो. एका टेबलावर एक पोरगी मिसळीचे फोटोच काढत बसली होती, रश्श्याची वाफ निघून गेली तरी. शकू म्हणाली, ती बघ, माझी बहीण, ती पण नुसती बघती. मला एवढा जोराचा ठसका लागला, की तात्या पाणी घेऊन धावले.

द्राक्षं पिकली तेव्हा ती अशक्त झाली होती, पण हट्टानं निफाडकडे बहिणीच्या बागेत जायचं म्हणाली. दत्तूभाऊंनी फुलांच्या टेम्पोत पुढे आम्हा दोघींना बसवून नेलं. बागेत सकाळचं ऊन पानांतून खाली गळत होतं. तिनं एक घड हातात घेतला, द्राक्षावरची पांढरी भुकटी अंगठ्यानं पुसली आणि एक मणी माझ्या तोंडात घातला.

"सांग."

"साल आंबट आहे जरा. आत गोड. बी नाहीये."

"आणि?"

"आणि गार आहे. सगळी थंडी आत जाऊन बसलीय."

ती हसली. मग त्याच सुरात, घड बघत बघत, म्हणाली, परत आलंय.

मला कळलं. तिचा एकही शब्द मला कधी दुसऱ्यांदा विचारावा लागला नव्हता. तरी मी म्हटलं, "काय?" आणि तिनंही, माझ्यावर दया करून, दुसरं द्राक्ष माझ्या तोंडात घातलं.

मोगरा सुरू झाला तसं तिचं बोलणं पूर्ण बंद झालं. मी संध्याकाळी कामावरून परस्पर तिच्याकडे जायचे. खाटेशेजारी बसून दिवसभरात काय काय खाल्लं ते सांगायचे. ती डोळे मिटून ऐकायची. शेवटच्या संध्याकाळीसुद्धा मी बोलतच होते. कैरीचं ताजं लोणचं, त्यातली मोहरी नाकात कशी जाते, फोड करकरीत कशी आहे, मी एकामागून एक सांगत सुटले होते, थांबले तर काहीतरी होईल असं वाटत होतं. तिनं हात उचलला आणि माझ्या दंडाला चिमटा काढला. अगदी हलका. मी तरी बोलत राहिले. तिनं पुन्हा काढला. मग मी थांबले. बाहेर दत्तूभाऊ मोगऱ्याला पाणी देत होते, त्याचा आवाज येत होता.

अजूनही गाडी चालवताना वळण आलं की माझा खांदा वाट बघतो. मागून कुणीतरी हॉर्न मारतं, मग मी वळते.

आज रविवार. सकाळी मी गाडी काढली. ह्यांनी विचारलं नाही, कुठे निघालीस. मळ्यापाशी दत्तूभाऊ झेंडूचे भारे बांधत होते. मला बघून उठले. मला वाटलं आता विचारतील, काय काम हाय. त्यांनी विचारलं नाही. नुसते हात जोडले आणि मग झेंडूची एक ओंजळ आणून गाडीच्या पुढच्या जाळीत ठेवली. म्हणाले, "तात्याकडं चालल्या ना. जावा."

शेडमध्ये आमच्या बाकावर कुणी नव्हतं. तात्यांनी एक ताटली आणली. माझ्यापुढे ठेवली आणि किटली हातात धरून घुटमळले. हळूच विचारलं, "ताई, समोर वाटी ठेवू का?"

"नको तात्या."

मी घास घेतला. मला वाटलं होतं की चव लागणार नाही, घास घशात अडकेल, मी रडत बाहेर येईन. तसं काहीच झालं नाही. सगळं लागलं. कोथिंबीर लागली, शेव मोडली, तिखट मागून आलं आणि कानांपर्यंत गेलं. ह्याचाच मला इतका राग आला. तिच्या सगळ्या चवी माझ्या तोंडात जशाच्या तशा होत्या आणि तोंडातच राहणार होत्या.

तात्या फेरी मारून परत आले. "कशी झालीय?"

मी सांगितलं. नेहमीसारखं, नीट, काहीही न गाळता. म्हटलं, खोबरं आज छान भाजलंय, करपलेलं नाही. लवंग कमी केलीत, ते बरं केलंत. मटकी अर्धी शिटी जास्त झालीय. पाव ताजा आहे. तात्या किटली धरून अदबीनं ऐकत उभे होते. माझं एक वाक्य संपलं. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "तात्या, रस्सा!"

"बरं झालं आल्या ताई," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

माझं सांगून झालेलं नव्हतं. अजून तर्रीचं राहिलं होतं. मी समोरच्या रिकाम्या बाकाकडे बघत, तोंड अर्धवट उघडं ठेवून, थांबून राहिले.

"आणि?" असं कुणीच विचारलं नाही.